मदारू भिस्तीचा जुम्मा

जुम्मा तलावाच्या मागच्या अंगाला, जिथं गिरणीचा भोंगा वाजला की घरातली भांडी थरथरत, तिथल्या एका गल्लीत लहानशी मशीद होती आणि तिचा हौद भरणारा मदारू भिस्ती होता. खरं नाव मदारबख्श. पण पाठीवर ओली मसक घेऊन वाकून चालणाऱ्या माणसाला एवढं लांब नाव कोण ठेवू देतो? आईनं दिलं आणि गल्लीनं अर्धं काढून घेतलं. मसक म्हणजे अख्ख्या बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. भरली की तिचं वजन कंबरेवर येतं आणि तोंड मुठीत आवळून धरावं लागतं. मदारूच्या बापानं ती वाहिली, आज्यानं वाहिली, आणि तिघांचीही पाठ एकाच बाजूला वाकलेली होती. अंबाझरी तलावाचा नळ चौकापर्यंत आला होता. चौकातून गल्लीत शिरायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही.

शुक्रवार म्हणजे इतरांचा सण आणि मदारूचं मरण. इतर दिवशी मशिदीत मूठभर माणसं येत, जुम्म्याला अख्खी गल्ली यायची. कारण बाकीच्या नमाजा घरच्या कोपऱ्यात एकट्यानं पढल्या तरी होतात, जुम्मा एकट्याचा होतच नाही. त्याला माणसं लागतात. सकाळी न्हाऊन, नखं काढून, कानात अत्तराचा बोळा खोचून, धुवट कुर्ते घालून लोक निघायचे, आणि सगळे एकाच वेळी हौदावर येऊन बसायचे. हात धुवा, चूळ भरा, तोंड धुवा, कोपरापर्यंत हात भिजवा, पाय धुवा. हा वजू. तो केल्याशिवाय नमाजेला उभं राहता येत नाही. आता एवढे हातपाय धुवायचे म्हटल्यावर हौदाचा तळ दिसायला किती वेळ लागणार? मदारू विहिरीवरून मसक भरून आणी, हौदात रिती करी, वळून पाही तर पाणी गेलेलं. कधी कधी त्याला वाटे, ही माणसं वजू करत नाहीत, पाणी पिऊन टाकतात.

तिकडे आत मौलवी नियामतुल्लासाहेब मिंबरावर चढत. मिंबर म्हणजे दोन-तीन पायऱ्यांचं व्यासपीठ. तिथं उभं राहून ते खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, वाचत. खुतबा अरबीत. तो चालू असताना कुणी बोलायचं नाही, बोलणाऱ्या शेजाऱ्याला गप्प राहा म्हणायचंही नाही, नुसतं ऐकायचं. उशिरा येणारे मात्र तेव्हाही हौदावर असतच. त्यांच्यासाठी मदारूला विहिरीवर जावं लागे. खुतब्याचे शेवटचे चार शब्द त्याच्या कानावर पडत तेव्हा तो मसक खुंटीला अडकवत असे. मग कसाबसा स्वतःचा वजू उरकून, निथळत, धापा टाकत तो नमाजेला उभा राही. तेही शेवटच्या ओळीत.

एकदा, फार पूर्वी, पुढच्या ओळीत जागा दिसली म्हणून तो सरकला होता. तिथं जमादार करामतखान उभे होते. जंगलखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, मिशीला पीळ, आवाजात अजून हुकूम. त्यांनी मदारूच्या कुर्त्यातून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ए भिस्ती, मागं हो. चटई भिजून राहिली." एवढंच. शिवी नाही, धक्का नाही. अल्लाच्या घरात ओळीत लहानमोठा कुणी नसतो हे मौलवीसाहेब दर दोन महिन्यांनी सांगत, आणि जमादार मान डोलवत. पण चटई भिजत होती हेही खोटं नव्हतं. मदारू मागं गेला तो मागंच राहिला.

याचंही त्याला फारसं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं, आणि ते मौलवीसाहेबांनीच त्याच्या मनात घातलं होतं, बिचाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, की रोजच्या दुपारच्या नमाजेला चार रकाती, म्हणजे उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असे चार फेरे, असतात आणि जुम्म्याला दोनच, कारण उरलेल्या दोन रकातींच्या जागी खुतबा आहे. ऐकणाऱ्यांनी ऐकलं आणि विसरले. मदारूच्या काळजात ते रुतून बसलं. खुतबा जर अर्धी नमाज आहे आणि तो आपण जन्मात कधी पुरता ऐकला नाही, तर आपला आजवरचा प्रत्येक जुम्मा अर्धाच झाला. तो मौलवीसाहेबांना विचारायला गेला. त्यांनी समजावलं, की बाबा, तुझी नमाज पुरी आहे, आणि वजूचं पाणी देणाऱ्याला तर सगळ्यांच्या नमाजेचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो. मदारूनं मान हलवली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "सवाब लय हाय म्हणते. पण पाठ काही सरळ होत नाही त्यानं."

बायकोचं नाव जैतूनबी. तोंडानं तिखट, मनानं लोण्याचा गोळा. ती म्हणे, "अजी, अरबी तुमाले समजते काय? मग ऐकून काय करान?"

"समजत नाही वं. पण ऐकाचा हाय. एकडाव, सुरवातीपासून."

"मग हौद कोन भरन?"

जैतूनबी त्याला अजून एका गोष्टीवरून चिडवी. जुम्म्याला जो सगळ्यात आधी मशिदीत येतो त्याला उंट कुर्बान केल्याचं पुण्य, त्याच्यानंतरच्याला गाईचं, मग मेंढ्याचं, मग कोंबडीचं, आणि अगदी उशिरा येणाऱ्याला अंड्याचं, असं सांगतात. नमाज पढवणारा इमाम खुतब्याला उठला की दारावरचे फरिश्ते नावं लिहिणं थांबवून आत ऐकायला बसतात. मदारू घरातून निघाला की जैतूनबी मागून म्हणे, "उंट नाई तर नाई, एखांदं अंडं तं घेऊन या." तो हसत जाई. पण अंडंही त्याच्या वाट्याला कधी आलं नाही.

मग ते मानमोडीचं साल आलं. विलायतेतली लढाई संपायला टेकली होती आणि आमच्याकडे माणसं संपत होती. अंगात ताप भरायचा, मान मोडल्यासारखी दुखायची, आणि धडधाकट गडी दोन दिवसांत आडवा. गिरणीत अर्धे माग बंद पडले. ज्यांचं उमरेडकडे, भिवापूरकडे कुणी होतं ते तिकडे पळाले, आणि तिकडचे इकडे पळून आले, कारण तिकडेही तेच. गल्लीत दारं बंद. दाराआड कुणी कण्हतंय की सगळंच शांत झालंय हे बाहेरून कळायचं नाही.

अशा वेळी भिस्त्याचं काय होतं हे कुणी विचारू नये. तापलेल्या माणसाला पाणी लागतं आणि त्याच्या घरी ओढायला हात उरलेले नसतात. मदारू दारोदार पाणी घाली. माणूस मेला की त्याला न्हाऊ घालायला पाणी लागतं. मदारू ते नेई. पुरल्यावर कबरीवर शिंपडायला पाणी लागतं. कबरस्तानापर्यंत मसक पाठीवर घेऊन तो मयतीच्या मागं चाले, आणि परत आला की दारात दुसरा माणूस उभा. त्याला ताप आला नाही हे खरं. जैतूनबी म्हणायची, तापाले याच्यापाशी थांबाले जागा कुठं हाय. पण तो इतका थकला होता की जेवताना घास हातात राही आणि डोळा लागे. पाय आपले आहेत की दुसऱ्या कुणाचे हे त्याला चालताना कळेनासं झालं. रडूही येत नव्हतं. रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

मशिदीत माणसं गळत गेली. बांग देणारे मियाँजी गेले. अत्तरवाले गेले. दर जुम्म्याला एक ओळ कमी होई. शेवटी एका गुरुवारी मौलवीसाहेब स्वतः मदारूच्या दारात आले आणि उंबऱ्यावरच बसले. तेही निम्मे झाले होते.

"मदारू," ते म्हणाले, "उद्याचा जुम्मा कठीण दिसते. इमामाच्या मागं तीन मर्द माणसं लागतेत. तीन नसले तर जुम्मा होत नाही, मग आपापली रोजची नमाज पढाची. जमादारसाहेब येतेत. गिरणीतला सुभान मोमीन तापातून उठला, तो येतो म्हणते. तिसरा तू."

"मी तं असतोच, मौलवीसाहेब. हौदावर."

"हौद उद्या भराचा नाही. साऱ्यांनी एका पाण्यात हात बुडवाचे नाही असं दवाखान्यातल्या डाक्टरनं सांगितलं. ज्यानं त्यानं घरूनच वजू करून यावं. तू मसक घरी ठेव अन् येऊन बस."

मदारूला हे समजायला थोडा वेळ लागला. मसक घरी ठेव अन् येऊन बस. मौलवीसाहेब गेल्यावर तो जैतूनबीकडे वळून म्हणाला, "उद्या मी खुतबा ऐकून राहिलो वं." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. एवढी माणसं मेल्यावर आपल्या नवऱ्याची इच्छा पुरी होते आहे, यावर हसावं की काय करावं हे तिला उमजेना.

शुक्रवारी सकाळीही त्याला सुटी नव्हती. लोक काही जुम्मा पाहून आजारी पडत नाहीत. त्यानं पाच-सहा घरी पाणी टाकलं, एका म्हातारीच्या तोंडात चमच्यानं घातलं, आणि दुपार व्हायच्या आधी घरी येऊन मसक वळचणीला टांगली. जैतूनबीनं पाणी तापवून ठेवलं होतं. कुणीतरी आपल्यासाठी पाणी काढून ठेवलंय याचंच त्याला नवल वाटलं. तो न्हाला. ईदेचा कुर्ता बाहेर निघाला. पाठीवर तो नीट बसेना, कारण कुर्ता सरळ पाठीसाठी शिवलेला असतो. जैतूनबीनं मागून ओढूनओढून बसवला. ती म्हणाली, "दोन घास खाऊन जा." तो म्हणाला, आल्यावर. त्याला घाई झाली होती. म्हातारा माणूस, पण नवे कपडे घातलेल्या पोरासारखा निघाला.

मशिदीत कुणी नव्हतं. तो पहिला. उंट, त्याच्या मनात आलं, आणि एकट्यालाच हसू फुटलं. कोरडा हौद ओलांडून तो आत गेला, थेट पहिल्या ओळीत, आणि जुम्म्याआधी ज्यानं त्यानं एकट्यानं पढायच्या चार रकाती पढून खांबाजवळ बसला. मग सुभान आला, पिवळा पडलेला, भिंत धरून चालत होता. त्यानंच बांग दिली, मध्ये दोनदा खोकून. जमादार करामतखान सगळ्यात शेवटी आले. मिशीचा पीळ सुटला होता. घरात सून तापानं फणफणत होती. त्यांनी मदारूला पहिल्या ओळीत बसलेला पाहिलं, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "आज कोरडा दिसतोस." मग त्याच्या शेजारी बसले.

मौलवीसाहेब मिंबरावर चढले. मदारूनं अंग सावरलं. त्यांनी सुरुवात केली, अल्हम्दुलिल्लाह, आणि तो एक शब्द त्याला ओळखीचा लागला. पुढचे शब्द एकामागून एक येत होते, हळू, सावकाश, विहिरीत रहाट फिरावा तसे. मशिदीत गारवा होता. बाहेरचं ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. खांब पाठीमागेच होता आणि पाठीला आजवर कुणी आधार असा दिलेला नव्हता. त्यानं थोडी टेकवली. थोडीच.

डोळे उघडले तेव्हा सुभानचा आवाज येत होता. नमाजेला उभं राहण्याची हाक. मौलवीसाहेब मिंबरावरून उतरून पुढं उभे होते. जमादार गुडघ्यावर हात टेकून उठत होते. खुतबा संपला होता.

मदारू उठला. सगळे उठले म्हणून तोही उठला. गालावर खडबडीत खांबाचे ठसे, तोंडाला कोरड. आधी त्याला काही कळलं नाही, आणि मग कळलं. खुतबा गेला तो गेलाच. जन्मभर हौदानं खाल्ला, आज झोपेनं खाल्ला. पण याहून वाईट पुढं होतं. बसल्या बसल्या डुलकी लागली तर चालतं. पण टेकून, अंग टाकून गाढ झोप लागली, की वजू तुटतो. आणि मदारू मेल्यासारखा झोपला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. जमादारांची नजर समोर होती, सुभान खाली मान घालून बसलेला होता, खुतबा ऐकताना इकडंतिकडं कुणी पाहत नाही. गप्प उभं राहिलं तर राहता येत होतं. दोनच रकाती. कोण विचारणार होतं? जमादारांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. बाकीच्या नमाजेत एखाद्याचा वजू नसला तर त्याची एकट्याची नमाज बुडते, दुसऱ्यांचं काही जात नाही. पण आज ओळीत तीनच माणसं. तिसरं माणूस खोटं उभं राहिलं तर तिघांचाही जुम्मा बुडणार, मौलवीसाहेबांचाही. त्यांना ते कधी कळणारही नाही. सुभान भिंत धरधरून आला होता. जमादार सुनेला टाकून आले होते. आणि मदारूला इतकी लाज वाटत होती की बोलण्यापेक्षा जमीन फाटून आत गेलेलं बरं.

मौलवीसाहेबांनी हात कानाकडे नेले.

"थांबा," मदारू म्हणाला.

हात तिथंच राहिले. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"माहा वजू नाही राहिला, मौलवीसाहेब. मी झोपलो होतो. खांबाले टेकून."

मग जमादारांचा जुना आवाज निघाला. "आजच? आजच झोपाचं होतं तुले? एवढे दिवस मेले काय झोपाचे?"

मदारूनं मान खाली घातली. एवढे दिवस त्यानं कुणाकुणाकडे पाणी टाकलं हे सांगण्यात अर्थ नव्हता. जमादारांच्या सुनेच्या उशालाही सकाळी त्यानंच घडा भरून ठेवला होता.

"जा, वजू करून ये," मौलवीसाहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं. हौद कोरडा. बाहेरच्या विहिरीवर दोर नाही, डोल नाही, कारण दोरही मदारूचा आणि डोलही मदारूचा, आणि दोन्ही त्याच्या घरी. सगळ्या गल्लीला पाणी घालणारा भिस्ती मशिदीत उभा, आणि मशिदीत ओंजळभर पाणी नाही. सुभानला हसू आलं आणि त्यातून खोकला आला.

"मी घरून घेऊन येतो," असं म्हणत मदारू वळला. दोन पावलं टाकली आणि भिंत त्याच्याकडे चालत आली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. सुभाननं त्याला धरायला हात पुढं केला, पण तो स्वतःच डगमगत होता. मदारू मटकन खाली बसला.

"बस," जमादार म्हणाले. "बस तिथंच. मरशील."

आणि ते बाहेर पडले. चपला पायात घालायलाही थांबले नाहीत.

मशिदीच्या समोर रामाजी कोष्ट्याचं घर होतं. त्याचा माग आठवडाभर बंद होता. रामाजी आत पडून, बायको गोपिका तेवढी हिंडतीफिरती. जमादारांनी दारातून हाक दिली, "ताई, थोडं पाणी पायजे. नमाज खोळंबली आमची." गोपिकाबाईनं काहून, कशाला काही विचारलं नाही. अंगणातली घागर उचलून तिनं ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "घागर मावारी पाठवजा, भाऊ. एकच उरली भरलेली." मावारी म्हणजे माघारी, आमच्याकडे असंच म्हणतात. जमादारांनी ती उचलली. त्या माणसानं उभ्या आयुष्यात पाण्याचं भांडं वाहिलं नव्हतं, जंगलात वाहायला शिपाई असायचे आणि घरी सुना. घागर छातीशी धरावी की कंबरेवर घ्यावी हेच त्यांना कळेना. उंबरा ओलांडताना डुचमळली, निम्मं पाणी त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर. एक गुडघा दुखरा. एवढासा रस्ता ओलांडायला त्यांना फार वेळ लागला. वाटेत दोनदा घागर खाली ठेवली, आणि दोनदा तीच शिवी पुटपुटली. मशिदीच्या दाराशी आल्यावर तिसऱ्यांदा गिळली.

हौदाच्या काठावर मदारू उकिडवा बसला. घागर घ्यायला त्यानं हात पुढं केला.

"हात धू," जमादार म्हणाले आणि घागर वाकडी केली.

मदारूला काय करावं समजेना. दुसऱ्याच्या हातून पाणी पडतं तेव्हा हात कसे धरायचे हे त्याला माहीतच नव्हतं. ओंजळ आधी फार उंच धरली, मग फार खाली. त्यानं हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरांपर्यंत हात भिजवले, ओला हात डोक्यावरून फिरवला. राहिले पाय. जमादार वाकू लागले तसा त्यानं पाय आखडून घेतला.

"पाय नोको, जमादारसाहेब. पायाले मी घेतो."

"गप बैस. जुम्म्याची वेळ निघून जाईन." जमादार दुखऱ्या गुडघ्यावर वाकले आणि त्याच्या भेगाळलेल्या टाचांवर पाणी ओतू लागले. पाणी बोटांमधून गेलं. मग ते, घागरीकडेच पाहत, हळू आवाजात म्हणाले, "सकाळी सुनेच्या उशाशी घडा भरलेला होता. मले वाटलं बायकोनं ठेवला."

मदारूला रडू आलं. इतके दिवस एवढ्या मयतींच्या मागं कोरड्या डोळ्यांनी चाललेला माणूस, तो तिथं हौदाच्या काठावर हुंदके देऊन रडला, आणि जमादार घागर धरून उभे राहिले. त्यांनी त्याला गप्प राहा म्हटलं नाही, आणि उठही म्हटलं नाही.

आत आले तेव्हा मौलवीसाहेब ओळीच्या पुढं उभे नव्हते. ते मिंबराजवळ उभे होते, पायरीला हात टेकून.

"लय वेळ गेला," ते म्हणाले. "खुतबा अन् नमाज लागून असावी लागते. मध्ये एवढं अंतर पडलं. मी खुतबा परत वाचतो."

जमादार ओल्या कुर्त्यानिशी खाली बसले. सुभान बसला. दोघांच्या मध्ये जागा सोडली होती, खांबापासून दूर. मदारू तिथं बसला. मौलवीसाहेब गुडघे धरून पुन्हा पायऱ्या चढले, आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

या वेळी मदारूनं मांडीचा चिमटा धरून ठेवला होता. त्याला एक शब्द कळत नव्हता, आणि एकही शब्द त्यानं सोडला नाही. आवाज कुठं चढतो, कुठं उतरतो, कुठं मौलवीसाहेबांना धाप लागते, सगळं त्यानं ऐकलं. मध्येच ते थांबले आणि मिंबरावर चक्क बसले. मदारू घाबरला. संपला की काय, की यांनाही ताप चढला? पण शेजारचे दोघे शांत होते. जरा वेळानं मौलवीसाहेब उठले आणि पुढचं वाचू लागले. तेव्हा त्याला कळलं की खुतबा दोन भागांत असतो, आणि दोन्हींच्या मध्ये इमाम थोडा बसतो. दर जुम्म्याला बसत असणार. एवढी वर्षं हौदावर पाणी ओतताना हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या भागात ते जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी दुआ मागत होते, हे मात्र त्यांच्या आवाजावरून त्याला उमगलं. शेवटचे चार शब्द आले. ते त्याच्या नेहमीच्या ओळखीचे होते.

मग तिघं उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि दोन रकाती झाल्या.

घरी आला तेव्हा जैतूनबीनं भाकरी काढून ठेवली होती. तो भिंतीशी बसला. तिनं विचारलं, "झाला जुम्मा?"

"झाला."

"ऐकला खुतबा?"

त्यानं सगळं सांगितलं. झोपला ते, बोलला ते, जमादारांनी घागर आणली ते. पाय धुतले ते सांगताना थांबला, मग तेही सांगितलं. जैतूनबी भाकरी मोडायची विसरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग काय होतं त्याच्यात? खुतब्यात?"

मदारूनं ताट जवळ ओढलं.

"समजलं नाही वं काही," तो म्हणाला. "पण जिंदगीभर मी जुम्म्याच्या मागं पळालो. आज जुम्मा माह्यासाठी थांबला."

एवढं बोलून त्यानं भाकरीचा तुकडा उचलला आणि तो हातात तसाच राहिला. डोळा लागला, मान एका बाजूला कलली. जैतूनबीनं तुकडा त्याच्या बोटांतून काढून ताटात ठेवला आणि त्याचं डोकं हळूच खाली, आपल्या लुगड्याच्या घडीवर टेकवलं.

दारावर थाप पडली. गल्लीतल्या पलीकडच्या घरचा माणूस होता, डोळे तांबारलेले. "भिस्तीभाऊ हाय काय? पाणी पायजे होतं. घरात थेंब नाही."

जैतूनबीनं आजवर कुणाला परत पाठवलं नव्हतं. आजही पाठवलं नाही. तिनं वळचणीचा दोर आणि डोल काढला, पदर खोचला, आणि दार मागं ओढून घेत म्हणाली, "चाला, मी येतो. त्याईले उठवू नोका. माह्या हातानं वेळ लागन, पण आज त्याईच्यासाठी थोडं थांबा."